एलेनी मॅडमच्या भिंतीवरची उरलेली लाट

प्रिय एलेनी मॅडम,

तुम्हाला मराठी येत नव्हतं, तरी मराठीतच लिहितोय. मनातलं लिहायचं तर आपल्या भाषेत लिहावं, हे तुमचंच म्हणणं. आज शुक्रवार, सुट्टी. दोह्याच्या मुऐदर भागातल्या आमच्या कामगारांच्या खोलीत बाकीचे जेवून आडवे झालेत. मला मात्र आजच लिहायला हवं, कारण उद्या सकाळी तुमच्या भिंतीचा निकाल लागायचाय.

शाळेच्या भिंतीवर दगडाच्या तुकड्यांचा तुमचा समुद्र झाला, मोती काढणाऱ्यांची होडी झाली. उजव्या कोपऱ्यातली हातभर लाट तेवढी राहिली. वर्ल्ड कपचे पाहुणे यायच्या आत सगळं दोहा चकाचक व्हायला हवं, त्यात आपली भिंतही आली. आमचे इंजिनियर देशपांडे साहेब काल म्हणाले, "दत्ता, मॅडम गेल्या, वाईटच झालं. पण क्लायंट डोक्यावर बसलाय रे. साधी निळी टाइल मार तिथे आणि खलास कर."

मी म्हणालो, "सायेब, शनवारची सकाळ द्या मला."

आता सकाळ मागून तर बसलो. पुढे काय?

तुम्ही पहिल्यांदा साइटवर आलात तो दिवस आठवतो. विद्यापीठात शिकवणाऱ्या, जुन्या ग्रीक फरश्यांवर पुस्तक लिहिलेल्या बाई. मला वाटलं, फोटो काढून जातील. तुम्ही माझ्याशेजारी उकिडव्या बसलात आणि हातोडीने दगडाचे तुकडे पाडायला लागलात. बोटांना पट्ट्या गुंडाळून चार महिने त्या उन्हात बसलात. इतकं शिकलेलं माणूस इतकं राबताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

आणि मी काय केलं? एका संध्याकाळी तुम्ही लवकर गेलात. तुमचे दगड एक वर, एक खाली, एक तिरका. बाईंचा हात नवा आहे, सिमेंटचा माल ओला आहे तोवर सावरून घेऊ, असं मला वाटलं. रबरी हातोडा घेतला, फळी लावली, अख्खी लाट ठोकून लेव्हलमध्ये आणली. वर खुशीत खोलीवर आलो.

सकाळी तुम्ही ते बघितलंत. दहाला भिंतीवर ऊन येईपर्यंत मला थांबवलंत. मग म्हणालात, चालत चालत बघ. शेजारची तुमची लाट पावलागणिक हलत होती. माझी नुसती चकचकत होती.

"बाथरूम," मी म्हणालो.

तुम्ही खाली बसून हसलात. मग तीन दिवस आपण दोघांनी छिन्नीने ती सगळी खरवडून काढली. साहेबांच्या कानावर तुम्ही एक शब्द घातला नाहीत. तुमच्या जागी मी असतो तर समोरच्याचं डोकं फोडलं असतं.

मदिनत खलीफा भागातल्या तुमच्या घरी मी एकदाच जेवलो. तुमची ग्रीक मंडळी जमली होती. कोणी इतिहास शिकवणारे, कोणी चित्रं काढणारे, शाळेत संगीत शिकवणारे पेत्रोस सर. एका जुन्या पुतळ्याच्या नाकावरून अशी जुंपली की मला वाटलं आता मारामारी होणार. पण लगेच सगळे एका ताटातून जेवायला लागले. मी ताट घेऊन पायरीवर बसलो, तर तुम्ही माझ्यासाठी खुर्ची ओढलीत. हे मी घरी बायकोला दोनदा फोनवर सांगितलं.

एक राग मात्र आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीला जाते म्हणालात. आजाराचं का नाही सांगितलंत? मी काय परका होतो?

मागच्या महिन्यात तुमचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला. "मास्तोरा," तुम्ही म्हणालात. कसबी कारागिराला तुमच्याकडे असं म्हणतात. "ती लाट तू कर."

"तुम्ही या मॅडम, मग करू," मी म्हणालो.

तसं म्हणालो ती माया नव्हती, मॅडम. ती भीती होती. त्या लाटेचं चित्रच नाही, तुम्ही लाटा कधी कागदावर काढून ठेवायचा नाहीत. मी अकरा वर्षं दोरी आणि लेव्हलची पट्टी बघून काम केलं. दोरी नसली की माझा हात चालत नाही. मरणाच्या दारात तुम्ही एक काम सांगितलंत आणि मी ते तुमच्यावरच ढकललं. मंगळवारी पेत्रोस सर साइटवर येऊन तुम्ही गेल्याची बातमी सांगून गेले, तेव्हापासून हेच खातंय.

आज सकाळी वॉचमनला सांगून आत गेलो. दहाच्या उन्हात उभं राहून बघितलं, काही उमजेना. शेवटी पाय दुखले म्हणून उकिडवा बसलो, आणि समुद्र एकदम उजळला. मी दोन-तीनदा उठून बसून पाहिलं. तुम्ही एकेक दगड शाळेतल्या पोरांच्या नजरेच्या उंचीला कलवलायत. साहेब लोकांना, पाहुण्यांना ती भिंत अर्धीच दिसते. हे तुम्ही कोणालाच सांगितलं नाहीत का?

भीती अजून आहे. पण उद्या सहाला भिंतीपुढे बसेन, तसाच खाली. लेव्हल खोलीवर राहील. बिघडलं तर माल ओला असतानाच काढीन, परत लावीन. साहेब ओरडले तर ओरडू देत. लाट मी करणार.

तुमची वाट बघणार नाही.

तुमचा,
दत्ता