खिरीचं दूध आणि मेन स्विच

१४ एप्रिल, संध्याकाळ

जयंतीच्या कार्यक्रमात बोललो. विषय ठरवला नव्हता, पण माईक हातात आला की मला विषय सापडतो. वीज बचत. लाइट बिल सकाळीच आलं होतं, त्यामुळे भाषणात तळमळ उतरली. बोलण्याच्या भरात स्पर्धाही जाहीर केली. आषाढी पौर्णिमेपर्यंत गल्लीत ज्याचं बिल सर्वात कमी, त्याचा विहारात सत्कार. टाळ्या बऱ्यापैकी.

विहार समितीचे अध्यक्ष पंजाबराव आमच्या समोरच राहतात. ते म्हणाले, नरेंद्रभाऊ, हार तुमीच आणून ठेवा, म्हंजे घरातल्या घरात राहीन. लोक नव्या गोष्टीला आधी हसतातच.

घरी येऊन पाहतो तर दोन ट्यूब, तीन पंखे आणि कूलर, सगळं सुरू. सगळ्यांत शेवटी मीच घराबाहेर पडलो होतो. पण तेव्हा मी भाषणाच्या विचारात होतो, त्यामुळे ते धरायचं नाही.

१६ एप्रिल

बाथरूममधला बल्ब काढला. दिवसा उजेड असतो आणि रात्री अंघोळ करायची गरज नसते. बायकोने, रत्नमालाने, साबण समजून पाय घासायचा दगड तोंडाला लावला. दिवसभर बोलली नाही. धम्मदीपा म्हणते, पप्पा, तो एलईडी आहे, त्याला काहीच लागत नाही. अकरावीत जाणाऱ्या मुलीने बापाला विज्ञान शिकवू नये. थेंबे थेंबे तळे साचे, असं म्हणून विषय संपवला.

२३ एप्रिल

पारा चव्वेचाळीसवर. घरची वीज वाचावी म्हणून सुटी झाल्यावरही ऑफिसातच बसलो. कूलरसमोर. शिपाई जगदेव दोनदा येऊन विचारून गेला, साहेब, घरी काही झालं का? त्याला त्याग कळणार नाही.

आईच्या खोलीतल्या पंख्याचं रेग्युलेटर दोनवर आणून वर चिकटपट्टी लावली. आई पुठ्ठ्याने वारा घेत बसली.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी विहारात वंदना. नेहमीप्रमाणे पंचशील मीच सांगितलं. मी पुढे म्हणतो, लोक मागे म्हणतात. आवाज चांगला आहे, नोकरी सरकारी आहे, त्यामुळे हा मान आपसूक माझ्याकडे आला.

परतताना पाहतो तर आमच्या ओट्यावर कोर्ट भरलेलं. नळाच्या पाळीवरून दोघींची जुंपली होती. आई म्हणाली, हिची पाळी पयली व्हती, म्या पाह्यलं. संपलं भांडण. गल्लीत असंच आहे. अंजनामायने, म्हणजे आईने, पाहिलं की मग कोणी साक्षीपुरावा मागत नाही. लिहिता येत नाही तिला, पण तिचा शब्द माझ्या सहीपेक्षा जास्त चालतो. हे आत्ताच जाणवलं. जरा लागलंही.

४ मे

खरा चोर सापडला. फ्रिज. बाकी सगळं आपण बंद करू शकतो, हा चोवीस तास पितो. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस सांगतो, दार उघडलं नाही तर बंद फ्रिजही दिवसभर गार राहतो. माणूस इंजिनिअर वाटला. त्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

हे रत्नमालाला सांगितलं. ती म्हणाली, फ्रिजले हात लावसान तर पाहा. तिचं विज्ञानाशी जमत नाही.

११ मे, दुपार

उद्या बुद्ध पौर्णिमा. विहारात खीरदान. गल्लीत आमचा डबल डोअर फ्रिज सर्वात मोठा, म्हणून सगळ्यांचं दूध दरवर्षी आमच्याकडे ठेवतात. सकाळपासून बाया तापवलेलं दूध घेऊन येत होत्या. गोजराबाई आमच्यातली नाही, माळव्याची गाडी लावते, पण पौर्णिमेचं दूध कधी चुकवत नाही. तिने आज भाजी विकायच्या आधी दूध आणून दिलं. फ्रिज गच्च भरला.

आज रिठदला चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न. आई, रत्नमाला, धम्मदीपा ऑटोने पुढे स्टँडवर गेल्या. पंजाबरावांनी आईला हात धरून ऑटोत बसवलं. गोजराबाईने तिच्या पदरात दोन काकड्या टाकल्या. मी मागे थांबलो, शर्टला इस्त्री करायची होती. इस्त्री ही गरज आहे.

निघताना ओट्यावर उभं राहून विचार केला. उद्या पहाटेपर्यंत घरात कोणी नाही, म्हणजे फ्रिजचं दार उघडायला कोणी नाही. व्हिडिओतली अट शंभर टक्के पूर्ण होते. ओट्यावरचा मेन स्विच उंच आहे, मला स्टूल लागतं. स्टूल आणलं. खटका खाली केला. एकदम शांत वाटलं. घर पहिल्यांदाच माझं ऐकत होतं.

१२ मे, दुपार

लिहावंसं वाटत नाही.

पहाटे परत आलो. रत्नमालाने फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली. वास ओट्यापर्यंत आला. तेवढ्यात बाया मोठं पातेलं घेऊन आल्या. पंजाबराव आले. सगळी गल्ली आली.

मी आधी बोललो. लाइट गेली असेल, म्हणालो. या लाइनवाल्यांना सणवार काही आहे की नाही, असंही म्हणालो. आवाज चांगला लागला होता. पंजाबराव म्हणाले, आमच्या घरी तर रातभर कूलर सुरू व्हता.

मग सगळ्यांनी वर पाहिलं. खटका खाली. स्टूल खालीच पडलेलं. खरं सांगायचं तर मी सांगणारच होतो, फक्त सुरुवात कशी करावी ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात आई म्हणाली, म्याच बंद केलं. जाता जाता बटन दाबलं. म्हतारी बाई, मले काय समजते त्यातलं.

गोजराबाईने आपलं भांडं घेतलं, नाल्यात ओतलं, धुतलं आणि गाडीवर निघून गेली. यंदा खिरीऐवजी साखर वाटली.

मला लाज वाटली. खूप. पण आता मध्येच बोललो असतो तर आई खोटी पडली असती. सगळ्यांसमोर आईला खोटं पाडणं बरं नव्हे.

१८ मे, रविवार

वंदना. आज एक सुखद अनुभव. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी म्हटलं आणि मागून असा काही आवाज आला की पत्रे हादरले. इतर चार शीलं नेहमीसारखीच. चौथ्यालाच एवढा जोर. माझ्या सांगण्याचा परिणाम हळूहळू होत असावा.

आई मात्र चौथ्याला गप्प होती. हात जोडलेले, ओठ बंद. पाचव्याला पुन्हा सुरू झाली. घसा बसला असेल. लग्नात थंड पाणी प्यायली होती.

२६ मे

गोजराबाई आणि गल्लीतल्या शुभांगीचं वाजलं. कचऱ्यावरून. दोघी नेहमीसारख्या आमच्या ओट्यावर. माय, तूच सांग, तू तर इथंच बसली व्हती. आई शेंगा फोडत होती. म्हणाली, मले नका इचारू बाई. म्या खोटं बोलली हाव. माह्या बोलण्याचं आता वजन नाही.

दोघी भांडण विसरल्या. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलमध्ये युनिट मोजत होतो, त्यामुळे मला ते दिसलं नाही असं धरायला हरकत नाही.

जेवण गेलं नाही.

२ जून

इन्व्हर्टर घेतला. पुन्हा कधी लाइट गेली आणि कोणाचं दूध नासलं तर? रत्नमाला म्हणाली, लाइट गेलीच कधी व्हती? मोठी बॅटरी घेतली. दिवसरात्र चार्ज होत राहते, तिचा तो स्वभावच आहे असं दुकानदार म्हणाला.

११ जून

पौर्णिमेची वंदना. चौथ्या शीलाला पुन्हा पत्रे हादरले. या वेळी लहान पोरंही. पंजाबरावांचा संघदीप तर माझ्याकडे बघून म्हणत होता.

आई गप्प. घसा एवढे दिवस बसत नाही.

येताना धम्मदीपाला सहज म्हणालो, लोक चौथ्याला भक्तीने म्हणायला लागलेत. ती थांबली. म्हणाली, पप्पा, आजी स्टुलावर चढू शकते का? म्हटलं, नाही, गुडघे. मग ती म्हणाली, आणि आम्ही ऑटोत बसलो तेव्हा सगळी गल्ली बाहेर होती ना? एवढं बोलून पुढे निघून गेली.

मी तिथेच उभा राहिलो. पंजाबरावांनी आईचा हात धरला होता. गोजराबाईने काकड्या टाकल्या होत्या. मागे घरात एकटा मी होतो.

१२ जून

ऑफिसला गेलो नाही. तब्येत. गल्लीतून जावं लागतं.

२२ जून, रविवार

वंदनेला घसा बसल्याचं सांगितलं. आईने नुसतं पाहिलं.

तिच्या पंख्याची चिकटपट्टी काढली. पंखा पाचवर केला. तिने उठून तीनवर आणला. हाये तेवढ्यात भागवते म्या, म्हणाली.

९ जुलै

उद्या आषाढी पौर्णिमा. ठरलं. सगळ्यांसमोर सांगायचं. भाषण लिहून काढलं, दोन पानं. पहिल्या पानात विजेचं राष्ट्रीय महत्त्व. दुसऱ्या पानात फसव्या व्हिडिओंचा वाढता धोका. कबुली शेवटच्या ओळीत बसवली आहे. घाईत वाचली तर फारशी लागत नाही.

१० जुलै

आधी स्पर्धा. पंजाबरावांनी विचारलं, कोणी बिलं आणली? एकच बिल आलं. माझं. एप्रिलपेक्षा जास्त. इन्व्हर्टर. म्हणजे पहिला मीच, शेवटचाही मीच. हार तबकातच राहिला.

मग मी माईक घेतला. राष्ट्रीय महत्त्वाच्या तिसऱ्या ओळीवर समोर आई दिसली. हात जोडून बसली होती, मी अजून काही म्हटलंही नव्हतं. कागद खाली गेला. म्हणालो, दूध मी नासवलं. खटका मी खाली केला. आईने नाही.

मला वाटलं होतं, लोक अवाक होतील. गोजराबाई म्हणाली, आमाले तवाच माईत व्हतं बाप्पा. मी विचारलं, मग कोणी बोललं काहून नाही? पंजाबराव म्हणाले, मायनं जलमात कधी काही मांगलं नाही. त्या दिवशी मांगलं. आमी देलं.

आईजवळ जाऊन बसलो. विचारलं, तुला माहीत होतं, यांना माहीत आहे ते? होव, म्हणाली. मग चौथ्याला गप्प का राहायचीस? तर म्हणाली, त्यायले माईत असलं म्हणून का माह्यं खोटं खरं व्हते? तुह्यासाठी मोडलं म्या ते शील. तू जोडशीन तवाच म्हणीन म्हटलं.

पंचशील संघदीपने सांगितलं. मी मागच्या रांगेत. चौथ्याला पत्रे हादरले नाहीत. लोकांनी साध्या आवाजात म्हटलं, आणि त्यात आईचा आवाज आला, बारीक, पण अगदी नीट. मी तोंड उघडलं. माझा काही आला नाही.

खिरीचं दूध या वेळी पंजाबरावांच्या फ्रिजमध्ये होतं. गोजराबाईने वाटीभर खीर माझ्याही हातात दिली. गोड होती. खाववत नव्हती, पण सगळी खाल्ली.

घरी आलो. ओट्यावर मेन स्विचला रत्नमालाने कालच डबा बसवून कुलूप घातलंय. किल्ली आईच्या कमरेला. मी मागितली नाही.

आत पाहतो तर हॉलचा पंखा सुरू. सगळ्यांत शेवटी मीच निघालो होतो.