सास्तूरहून आणलेली खुडूक कोंबडी

मी, सत्यभामा भ्रतार कै. बब्रुवान माने, वय सुमारे त्रेसष्ट, धंदा शेती व कोंबड्या, राहणार मौजे बेंबळी, तालुका व जिल्हा उस्मानाबाद, आज पूर्ण शुद्धीवर असून हे लिहवून ठेवत आहे. गेल्या महिन्यात दम्याने दोनदा अंथरूण धरायला लावले, म्हणून घाई. कोणी पढवले नाही, कोणी दटावले नाही. लिहिणारे दत्तोपंत गुरुजी आहेत. पंचावन्न साली प्रौढांच्या वर्गात त्यांनीच मला अक्षरे शिकवली. आता माझा हात थरथरतो, म्हणून लेखणी त्यांची आणि बोलणे माझे. वर धंदा लिहिताना आमची बोलाचाली झाली, तीही लिहावी.

"सत्यभामाबाई, मृत्युपत्रात कोंबड्या लिहीत नाहीत," गुरुजी म्हणाले.

"का वो? जमीन तेवढी माझी, अन् कोंबड्या काय शेजाऱ्याच्या?"

लिहिले त्यांनी.

कलम पहिले. सन १९६० साली मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द. त्यात मी लिहिले होते की माझे दीर रामकिसन यांनी माझ्या प्रेताला खांदा देऊ नये व त्यांच्या घरचे पाणी माझ्या तोंडात घालू नये. हे शब्द मी परत घेते. का घेते, ते पुढे येईल.

कलम दुसरे. नाल्याच्या वरच्या अंगाची माझी तीन एकर कोरडवाहू जमीन माझी धाकटी बहीण लक्ष्मीबाई, राहणार सास्तूर, हिला द्यावी. हे पूर्वीही असेच होते. मला मूलबाळ नाही आणि तिच्या मुली मी बाळंतपणापासून पाहिल्या आहेत. पुढे जे लिहिले आहे त्याचा राग तिच्यावर कोणी धरू नये. तिला ठाऊक नव्हते.

कलम तिसरे, कोंबड्यांबाबत. सत्तावन्न साली ग्रामसेवकाने विकास योजनेतून तांबड्या विलायती कोंबड्यांची अंडी गावात आणली. खाण्यासाठी वजनदार कोंबडे होतील, असे त्याने सांगितले. पण ती जात स्वतः अंड्यांवर बसत नाही. त्यासाठी आपली गावरान खुडूक कोंबडी लागते, म्हणजे जी अंडी द्यायची थांबून फुगून बसते, हात लावला तर टोचते, ती. गावात कोणी तयार होईना. मी एका डालग्याखाली अकरा अंडी रवणाला, म्हणजे उबवायला, घातली, नऊ पिल्ले निघाली. पाच महिन्यांत कोंबडे गावरानाच्या दीडपट भरले.

मला मात्र वजनापेक्षा दुसऱ्याच गोष्टींचे नवल होते. मी वही घातली. कोंबडी दाण्यापाण्याला दिवसातून किती वेळ उठते, अंडी कितीदा फिरवते. विषम अंडीच ठेवावीत असे माझी सासू म्हणे. मी बारा ठेवून पाहिली, काही फरक पडला नाही. विसाव्या दिवशी अंडे कानाला लावले तर आतून पिल्लू चिवचिवत होते, आणि वरून कोंबडी हळू आवाजात त्याला उत्तर देत होती. कवच फुटायच्या आधीच त्यांची ओळख झालेली. हे मी रामकिसनच्या बायकोला, गजराबाईला, बोलावून ऐकवले. तिला रडू आले. का, ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

कलम चौथे. हे जपून लिहावे.

एकोणसाठच्या चैत्रात माझ्याकडे अंडी जास्त आणि खुडूक कोंबड्या कमी झाल्या. मी सास्तूरला लक्ष्मीबाईकडे गेले आणि टोपलीत घालून एक खुडूक कोंबडी मोटारीने आणली. पंधरा दिवसांत गावात मानमोडी पसरली. कोंबड्या माना वाकड्या करून गोल गोल फिरत आणि पडत. ज्यांच्या घरी दोनच होत्या त्यांच्या दोन्ही गेल्या. लोक माझ्या दारात आले. "तुझ्या विलायतीनं रोग आणला," म्हणाले. मी घाबरले. त्याच आठवड्यात रामकिसनने लेकीच्या सासरच्यांच्या जेवणासाठी कळंबच्या बाजारातून चार कोंबडे आणले होते, आणि ते अंगणात सगळ्यांदेखत मेले होते. मी चावडीसमोर उभी राहून बोट दाखवले. "हा बघा मानमोड्या. ह्यानं आणली."

रामकिसन म्हणाला, "वैनी, आणले तवा कोंबडे धडधाकट हुते. लेकराची शपथ."

मी ऐकले नाही. गावाने ते नाव उचलले. पाच वर्षे माझा दीर मानमोड्या झाला. गजराबाईच्या हातचे अंडे कोणी रवणाला घेईना. रामकिसनने चावडीवर बसायचे सोडले. मी आमच्या दोन्ही घरांमधले दार विटांनी बुजवून घेतले.

गेल्या साली गुरांचे डॉक्टर कोंबड्यांना लस टोचायला आले. मी सवयीने विचारले, "साहेब, लागण झाल्यावर कोंबडी किती दिसांनी पडती?"

"पाच-सहा दिवस धरा. कधी कमी, कधी जास्त. का?"

"उगंच. वहीत लिहायचंय."

ते गेल्यावर मी दुसरी वही काढली. माझ्याच अक्षरात होते: शुद्ध तृतीयेला सास्तूरची कोंबडी आणली. षष्ठीला तिने दाणा टाकला, हिरवी घाण. अष्टमीला मेली. दशमीला माझ्या दोन गेल्या. आणि रामकिसनचे कोंबडे कळंबहून आले एकादशीला.

त्या तीन कोंबड्या मी परसात पुरल्या होत्या. उन्हाने गेल्या असे मनाशी म्हटले होते आणि कोणालाही सांगितले नव्हते. मी लक्ष्मीबाईला विचारायला गेले. ती म्हणाली, "आक्का, तवा आमच्या आळीतबी पाच-सात मेल्या हुत्या. ऊन लई हुतं नं." तिनेही उन्हावरच घातले होते.

तेव्हा मी लिहून देते की बेंबळीत मानमोडी रामकिसनच्या कोंबड्यांनी आणली नाही. ती माझ्या टोपलीतून आली. त्याचे कोंबडे माझ्या अंगणातल्या रोगाने मेले. मानमोड्या हे नाव मी ठेवले होते, ते मी काढून घेते. पुढे कोणी वापरल्यास त्याने आधी ही वही वाचावी.

कलम पाचवे. माझे दोन खणांचे घर रामकिसन व गजराबाई यांचे. बुजवलेले दार उघडावे. चार खुडूक कोंबड्या, दोन तांबडे कोंबडे व खुराडे गजराबाईला. खाण्याचे कोंबडे तिने खुशाल कापावेत, त्यासाठीच वाढवले आहेत. बाहेरून आणलेली कोंबडी मात्र पंधरा दिवस वेगळी डालून ठेवावी, मग ती सख्ख्या बहिणीकडची का असेना. तिन्ही वह्या गावच्या शाळेला द्याव्यात. चैत्राचे पान कोणी फाडू नये.

कलम सहावे, आजचे. वरील मजकूर गुरुजींनी आज माझ्या अंगणात रामकिसनला वाचून दाखवला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सात वर्षांचा होता, माझ्या हातचे जेवून मोठा झाला. मला वाटले तो उठून जाईल. तो खाली बघत ऐकत राहिला. मग म्हणाला, "वैनी, तुमाला हे सालभर ठावं हुतं?"

"व्हय," मी म्हणाले. "सांगायला तोंड झालं न्हाय."

कुंपणापलीकडे आळीतल्या बाया धान्य निवडत बसल्या होत्या, गजराबाई एका बाजूला एकटी होती. रामकिसनने डोक्याचे मुंडासे काढून मांडीवर ठेवले.

"गुरुजी," तो म्हणाला, "चौथं कलम पुन्हा एकदा वाचा. जरा मोठ्यानं."

गुरुजींनी उभे राहून वाचले.

हे मृत्युपत्र वाचून, ऐकून, बरोबर आहे अशी खात्री करून मी स्वतःच्या हाताने सही करते. अक्षर वाकडे आहे, पण माझे आहे.

सही: सत्यभामा बब्रुवान माने

साक्षीदार:
१. शिवलिंग हणमंतप्पा, दुकानदार, बेंबळी (सही)
२. तुळजाबाई, शेजारीण, बेंबळी (अंगठा, कुंपणापलीकडून ऐकले व आपणहून आत आली)

लिहिणार: दत्तोपंत, निवृत्त शिक्षक

मुक्काम बेंबळी, तारीख १२ फेब्रुवारी १९६४