तुझ्या वहीतले सिनेमे

जुन्नर,
८ एप्रिल २००४

प्रिय जिनेश,

पाकिटावर टीनाचं अक्षर बघून तू हे फोडलं असशील. आता आतून मी निघाले म्हणून मिटून ठेवू नकोस. बोल माझे आहेत, हात तुझ्या बहिणीचा आहे. ती माझं बोलणं इस्त्री करून लिहिते आणि मधेच पेन थांबवून माझ्या तोंडाकडे बघते. मी तिला बजावलंय, जे बोलते ते उतरव, गिऱ्हाईक बघून कापड दाखवायची सवय तुझ्या बापाची, ती इथं नको.

घरी सगळं ठीक आहे. म्हणजे तुझा बाप दुकानात बसतो, गिऱ्हाईक नसलं की तेच ते तागे खाली काढतो आणि परत रचतो, आणि फोन वाजला की माझ्याआधी उठतो. तुझा नसला की परत खाली बसतो. संक्रांतीपासून तुझा मोबाइल बंद आहे. लावला की एक बाई गोड आवाजात काहीतरी सांगते. मी तिला दोनदा विचारलं, बाई गं, एवढं सांगतेस तर माझा नातू जेवतो का तेही सांग. टीना हसली, पण पुरती हसली नाही. तू मला एकदा लुनावर बसवून खोडदच्या दुर्बिणीच्या त्या मोठाल्या तबकड्या दाखवायला नेलं होतंस. सांगितलंस, दादी, ह्या इतकं लांबचं ऐकतात की ज्या ताऱ्याचं ऐकू येतंय तो आता असेलच असं नाही. मी म्हणाले होते, मग ऐकून उपयोग काय. आता रोज मनात येतं की तिथल्या साहेबांकडे जावं आणि म्हणावं, साहेब, तीन तासांच्या एसटीवर पुणं आहे, तिकडे जरा कान लावून बघा.

माझं वर्षीतप चालू आहे. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, आणि उपासाला नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. तेरा महिने होत आले. निमगाव सावाची लंकाबाई लुगडं घ्यायला आली तर मला बघून म्हणाली, काय ओ कंचनबाई, एवढं वाळून कुठं जायचंय, का कापड कमी लागावं म्हणून? मी म्हणाले, दुकान आमचंच आहे बाई, कापडाची चिंता तू कर. ती गेली आणि मी गल्ल्याजवळ बसून राहिले. कुठं जायचंय ते मला माहीत आहे, पण तिथं माझ्या एकटीच्यानं पोचवत नाही.

तर उपासाच्या दुपारी सरत नाहीत. दिवाळीला टीनानं माळा झाडला, तेव्हा तुझ्या कॅसेटींच्या खोक्यात ती निळी वही निघाली. 'ह्यांच्यावर सिनेमा व्हायला पाहिजे' असं वर लिहून खाली गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची यादी. जुन्नरच्या शाळेत शिकल्याचा एवढा फायदा, साहेबलोकांची नावंसुद्धा तू आपल्या अक्षरात लिहितोस. टीना वाचते, मी ऐकते. दर नावापुढं जन्म, मरण आणि वय. पहिल्यांदा मला वाटलं टीना तेच नाव परत परत वाचतेय, कारण वय तेच येत होतं. सत्तावीस. सत्तावीस. सत्तावीस.

आता ऐक माझं मत. मी थेटरात जन्मात चार सिनेमे बघितलेत, त्यातल्या दोनांत झोपले, म्हणजे मला जाण आहे. तो जिम, बाप आरमारात मोठा अधिकारी आणि पोरगा पॅरिसला न्हाणीत मेलेला सापडला, त्याच्यावर सिनेमा नको. तू लिहिलंयस की गूढ आहे. गूढ कसलं? घरात दार ठोठावून 'अजून किती वेळ' असं ओरडणारं माणूस नव्हतं. आपल्याकडे बारा मिनिटं झाली की तुझा बाप दार वाजवतो.

जॅनिसचं मात्र मला लागलं. शाळेतली पोरं तिच्या तोंडाला, केसाला, कपड्याला हसायची. मोठी झाली, जग तिच्या मागं लागलं, तरी गावात शाळेची पोरं परत जमली तेव्हा ती पिसं-मणी घालून तिथं गेलीच. आणि पुढं दोन महिन्यांत गेली. ज्यांनी हसून घालवलं त्यांच्याकडेच पुन्हा कशाला गेली असेल? इथं मी टीनाला वही मिटायला लावली.

कारण तुला हसून घालवलं ते मीच. गेल्या वर्षी फाल्गुनात घोडनदीची मंडळी तुला बघायला आली होती. मुलीच्या मामानं विचारलं, मुलगा काय करतो. गिटार वाजवतो हे कसं सांगायचं म्हणून तुझ्या बापाच्या कपाळावर घाम आला. तो बोलायच्या आत मी म्हणाले, आमच्या जिनेशला बायकोची घाई नाही, त्याच्या मांडीवर आधीच एक लाकडी बाई बसलेली असते, तिलाच दिवसभर गुदगुल्या करतो, संसार तेवढा वाढत नाही. सगळे हसले. तुझा बाप, माझा सुवालाल, सगळ्यात मोठ्यानं हसला. तूसुद्धा हसलास, कपबशा गोळा केल्यास, आत नेऊन विसळल्यास, आणि सकाळी सहाच्या गाडीनं पुण्याला गेलास. रागावला असतास तर मी तुला समजावलं असतं. हसलास, तिथं माझं काही चाललं नाही. चार दिवसांनी मी वर्षीतपाचा नियम घेतला. समाजात सगळे म्हणतात, कंचनबाईंना काय भक्ती. भक्ती नाही रे. जिभेला उपाशी ठेवलंय.

तुझा बाप मागच्या महिन्यात माल घ्यायला पुण्याला गेला होता. तुझ्या गल्लीत गेला, वर चढला नाही. घरी येऊन जेवताना आमटीकडे बघत म्हणाला, गॅलरीत काळा शर्ट वाळत होता, कापड आपल्याच दुकानातलं, काठ बघून ओळखला मी. मी विचारलं, ओला होता का सुकलेला? म्हणाला, ओला, पाणी ठिबकत होतं. मग आम्ही दोघं जरा नीट जेवलो. ओला म्हणजे त्याच दिवशी धुतलेला. एवढ्यावर आम्ही महिना काढला बघ.

यादीतला सगळ्यात मोठा सिनेमा तू डावखुऱ्या जिमीचा म्हणतोस. बापाला डावा हात चालायचा नाही, तरी उजव्या हाताची गिटार उलटी धरून डाव्यानंच वाजवायचा. चांगला आहे. पण तू एका ओळीत लिहून सोडून दिलंस की लहानपणी तो कॅनडात आजीकडे राहायला जायचा, आणि ती आजी तरुणपणी नाटकमंडळीत नाचायची. मी टीनाला म्हणाले, त्या आजीचं पुढं काय झालं? ती स्टँडजवळच्या कॅफेत कॉम्प्युटरवर बसून शोधून आली. शंभर वर्षं जगली म्हणे. नातू गेल्यावर चौदा वर्षं. जिनेश, सिनेमा तिच्यावर कर. चौदा वर्षं ती रोज सकाळी उठून दात घासत होती, चहा पीत होती, आणि शेजारपाजारच्या घरांतून त्याची रेकॉर्ड ऐकू येत असेल. हे मला ऐकवत नाही, तसं जगायचं तर लांबच.

आणि एक जण तू यादीतून खोडलास. टीनानं नाव वाचलं, पण मी विसरले. म्हातारा आहे, जिवंत आहे, अजून वाजवतो. त्याच्यापुढं तू लिहिलंस: 'सिनेमा होणार नाही. शेवट नाही.' त्याच्यात काय वाईट आहे रे? सकाळी चष्मा शोधणारा, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करणारा, नातवंडं अंगावर घेऊन वाजवणारा माणूस मी तासभर बसून बघीन. झोपणारसुद्धा नाही.

आता ज्याच्यासाठी टीनाला बसवलंय ते. मला वाचता येत नाही, पण एक शब्द मी ओळखते. तू झालास तेव्हा तुझ्या आजोबांनी दुकानाची पाटी बदलली, 'जिनेश वस्त्र भांडार'. सत्तावीस वर्षं होत आली, रोज त्या पाटीखालून जाते. त्यातला पहिला शब्द मला चेहऱ्यासारखा पाठ आहे. परवा टीना यादी वाचताना शेवटाला थांबली आणि पान उलटायला गेली. मी पानावर बोट ठेवलं, आणि बोटाखाली आपली पाटी होती. पुढं तुझं जन्मसाल, पुढं छोटी आडवी रेघ, आणि रेघेपुढं मोकळी जागा. टीना रडली, म्हणाली, दादी, गंमत केली असेल त्यानं. असेल. ह्या घरात गंमत कुठून येते ते मला माहीत आहे. येत्या जूनला तुला सत्तावीस पूर्ण होतात. मी टीनाच्या हातातून पेन घेतलं. जन्मात पहिल्यांदा धरलं, धरतात कसं तेही तिनं दाखवलं. तुझी ती छोटी रेघ मी पुढं ओढली. पानाच्या काठापर्यंत नेली, पान उलटलं, पुढच्यावर ओढली, शाई संपेपर्यंत ओढत राहिले. वाकडी आली आहे, दोन ठिकाणी कागद फाटलाय. वही माझ्या उशाशी आहे, बघायला इथंच यावं लागेल. बावीस तारखेला अक्षय तृतीया, माझं पारणं. उसाचा रस नातवानं पाजायचा असतो हे तुला ठाऊक आहे. सुवालाल म्हणतो, कोणाच्याही हातानं चालतं. मी सांगितलं, मला चालत नाही. लाकडी बाईला घेऊनच ये, तिचीही मी माफी मागीन. आणि यायचं नसलं, तर निदान तो काळा शर्ट रोज धूत जा, तुझ्या बापाला मी दर आठवड्याला पुण्याला पाठवीन.

वाट बघत बसलेली
तुझीच,
दादी