बीजींचा डबा

मंगळवार, दिवेलागण. गुडगाव

नेहा, माझी नात, कंपनीत पर्ल का काय त्यात प्रोग्राम लिहिते. केवढं कौतुक मला. पण आज म्हणाली, तारखांचा हिशेब करणारा तुकडा तिने लिहिलाच नाही. नेटवर कुणा परदेशी माणसाचा तयार मिळाला, तोच लावला.

म्हटलं, "अगं, ही चोरी. साहेब काढून टाकतील."

"बिल्कुल नाही, आजी. लोक असे तुकडे विषयवार मांडून ठेवतात, कुणीही न्यावेत म्हणून. तेच परत कशाला लिहायचं?"

न्यावेत, पण असेच? समोरच्या घरातल्या पंजाबी आजींनी, बीजींनी, पिन्नी म्हणजे त्यांचे कणकेचे लाडू पाठवले, तो डबा ओट्यावरच आहे. रिकामा कसा परत करू?

मग राहवेना, विचारलं, "त्या माणसाला तू काय दिलंस?"

"त्यात लीप वर्षाची चूक होती. दुरुस्त करून पाठवली."

तेव्हा जरा बरं वाटलं. बीजींच्या डब्यात चकल्या भरल्या.

"आणि साहेबांना सांगितलंस?"

"उद्या सांगते."

उद्या? म्हणजे अजून नाहीच. शेवटची पिन्नी ताटलीत झाकून ठेवली, तिने साहेबांना सांगितलं की मगच खाईन.