होमब्रू कशाला म्हणावे

आदरणीय राणोजीराव,

तंजावरात तुमचे गुडघे आणि वहिनींची साखर दोन्ही आटोक्यात असतील असे धरून चालतो. इकडे अण्णा नगरात तुमची बहीण कनका आणि मी धडधाकट आहोत, फक्त आमच्या हॅम रेडिओ क्लबात, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांत, अक्कल उरलेली नाही.

येत्या रविवारी मैलापुरात होमब्रू सेटांचे प्रदर्शन आहे. होमब्रू म्हणजे घरी, स्वतः बनवलेला रेडिओ, हे तुम्हां जुन्या हॅमला सांगायला नको, पण इथल्या मंडळींना सांगावे लागते. क्लबातल्या पोरसवदा प्राणेशने सुट्या भागांचे तयार किट मागवले. पिशवीपिशवीवर नंबर, सोबत चित्रांचे पुस्तक (बालवाडीत देतात तसले), की झाला हा होमब्रूवाला. मग तयार पिठाचा पुडा फोडून डोसा घालणाऱ्यालाही आचारी म्हणा. वेंकटने तर तारांना डाख द्यायची सोल्डरिंग आयर्न हातातच धरलेली नाही. त्याचा रेडिओ कॉम्प्युटरच्या आत आहे आणि त्याचा प्रोग्राम म्हणे त्याने घरी बसून लिहिला. घरी बसून मी पेन्शनही खातो.

म्हणून मी सभेत उठून नियम करून घेतला: सेटातला प्रत्येक सांधा अर्जदाराने स्वतः सोल्डर केलेला असावा आणि मागितल्यास सर्वांसमोर करून दाखवावा. प्राणेशने लगेच अनुमोदन दिले. "मामा, किटचे सगळे सांधे मीच केले की," हसत म्हणाला. त्या मूर्खाच्या हसण्याचा अर्थ मला घरी परत आल्यावर कळला.

आता माझा सेट. सर्किट माझे, नळाच्या पाइपावर गुंडाळलेली कॉइल माझी, आवडी गावच्या रणगाडा कारखान्यात नोकरीत शिकलेल्या हाताने वाकवलेला पत्र्याचा डबा माझा. सोल्डरिंग तेवढे कनकाने केले, कारण माझा हात आता थरथरतो (काम हमालीचेच, डोके माझे). एक ट्रान्झिस्टर मी उलटा सांगितला होता, तो तिने मला न विचारता सरळ बसवला. हा उद्धटपणा मी पोटात घातला.

हात पाहता यापुढे दुसरा सेट होईल असे वाटत नाही. याच्यावर माझे नाव असावे असे मला फार वाटते.

तुमचा,
व्यासराज

ता. क. कनका म्हणते, नियम तुमचा, सांधे माझे, तेव्हा अर्ज माझ्या नावाने. तुम्ही थोरले भाऊ आहात, शनिवारच्या आत फोन करून तिला समजावा. मी सांगितले असे कळू देऊ नका.

ता. क. २. दादा, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. फोन करू नकोस. अर्जात दोघांची नावं घातली आहेत, माझं वर. सोल्डर मी करून दाखवीन, हे शेजारी उभे राहून माझ्या चुका काढतील. त्याशिवाय मलाही जमत नाही. – कनका