बारावा फोटो

अहो फोटोवाले,

नाही. तो फोटो मी लावणार नाही. दिनेशला सांगितलं, आता तुम्हालाही सांगते.

रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. तुमच्या लेकाने भिंतीसाठी कुठला फोटो मोठा करून आणला माहितीये? रेल्वेच्या पासावरचा! डोळे वटारलेले, ओठ घट्ट मिटलेले. आत्ता ओरडाल, "हलू नका!" शेजारच्या नव्या भाडेकरूने विचारलं, "काका पोलिसात होते का?"

दिनेश म्हणतो, "आई, दुसरा आहेच कुठे?" खरंच की! उल्हासनगरातली इतकी लग्नं काढलीत, बदलापुरातली बारशी काढलीत, आणि स्वतःचा एक धड फोटो नाही?

पण आहे. माझ्याकडे आहे. कुठून आला ते सांगायला हे पत्र. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. वर तुम्हाला दुसरं काम तरी काय आहे?

ते लाइटहाऊस आठवतं?

दिनेश तेव्हा चौथीत होता. अंबरनाथच्या लाइटहाऊस खात्यातल्या साहेबांच्या मुलीचं लग्न तुम्ही काढलंत, साहेब खूश झाले. म्हणाले, रत्नागिरीच्या बाजूला भर समुद्रात एका खडकावर आमचं लाइटहाऊस आहे, नवीन रंग दिलाय, त्याचे फोटो काढून आणा. काय छाती फुगली होती तुमची! मला म्हणालात, "चल मंदे, समुद्र बघायला नेतो." लोकांच्या बायका महाबळेश्वरला गेल्या. मला लग्नानंतर दहा वर्षांनी खडक! तोही स्टँड धरायला!

मी बारवीकडची. मला पाणी माहीत ते धरणाचं, आपल्या जागी गुमान बसणारं. लाँच उडायला लागली तशी मी तुमचा शर्ट धरला. तुम्ही काय धरलं? कॅमेरा! बायको गेली तर गेली. खडकावर उडी मारताना थैली पडलीच पाण्यात. सगळे रोल भिजले. कॅमेऱ्यात भरलेला तेवढा एक वाचला. बारा फोटोंचा.

तुम्ही म्हणालात, "अकरा मनोऱ्याचे. बारावा वरच्या दिव्याचा." दिव्याचं भिंग माणसाएवढं होतं. दिवसा त्याला पडदे लावून ठेवतात, नाहीतर उन्हाने आग लागायची. जेवण झाल्यावर पडदे काढून दाखवतो, असं नाना म्हणाले.

नाना तिथले मोठे. त्यांच्या हाताखाली दोघं. अख्ख्या खडकावर तीन माणसं आणि एक कोंबडी. दोन महिने झाले होते, समुद्र खवळलेला म्हणून बदलीची माणसं येत नव्हती. फोटोवाला येणार म्हणून नानांनी तांब्यात निखारे घालून शर्टाला इस्त्री केलेली. केस चापून बसवलेले.

"साहेब, आमचा पण एक काढा," ते म्हणाले. "धाकटी पोर मला मामा म्हणते. घरी गेलो की आईच्या पाठी लपते. फोटो असला तर ओळखेल तरी."

आणि तुम्ही काय म्हणालात? "रोल सरकारचा आहे. मनोरा म्हणजे मनोरा."

अहो, इतकं कसं हो करवलं तुम्हाला? नाना आत गेले, इस्त्रीचा शर्ट उतरवून घडी करून ठेवला आणि बनियनवर बाहेर आले. तुमचा डोळा मनोऱ्याला लागलेला. माझा नव्हता.

दुपारी सावलीत जेवायला बसलो. खारं पाणी उडतंय म्हणून कॅमेरा तुम्ही माझ्या मांडीवर ठेवलात. "हात लावू नकोस," हेही वर. बांगड्याचं कालवण होतं.  मग नानाच म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, एक मागू?"

"मागा की."

"जरा भांडा."

"कोणाशी?"

"साहेबांशी. घरी भांडता तसं. दोन महिने घरातला आवाज कानावर नाही. आम्ही तिघं एकमेकांशी सगळं बोलून संपलो. हा तर आता कोंबडीशी बोलतो."

तो कोंबडीवाला लाजला. मी म्हटलं, "रेडिओ नाही का?"

"रेडिओवर कुठे कोणी भांडतं?"

भांडणाला मला आमंत्रण? देवा! मी महाबळेश्वरपासून सुरू केलं. तुम्ही माझ्या भावाला मध्ये आणलं, मी तुमच्या आत्याला आणलं. "माझ्या आत्याचं नाव काढू नकोस!" "काढणार! साखरपुड्यात माझ्या नाकाला हसल्या त्या!" नाना मध्येच, "वहिनी, जरा मोठ्याने, लाटेत ऐकू येत नाही!" मग मी लग्नाच्या अल्बमचा विषय काढला. म्हटलं, नाना, यांचा फोटो बघायचाय? अल्बमभर मी एकटी हार घालून उभी! हे काय करत होते? स्वतःच्या लग्नात बोहल्यावरून उतरून त्या फोटोवाल्याला शिकवत होते, "अरे इकडून घे, उजेड इकडे आहे!" माझ्या मैत्रिणी विचारतात, तुझं लग्न नक्की झालं ना गं?

नाना आडवे झाले हसून. कोंबडीवाल्याला ठसका लागला. आणि तुम्ही! तुम्ही किती हसलात! मान मागे टाकून, तोंडात घास तसाच. मी मान खाली घालून बसून राहिले.

मग तुम्ही कॅमेरा घेऊन वर गेलात. नानांनी पडदे काढले. तुम्ही रोल पुढे घ्यायची चावी फिरवलीत, ती फिरतच राहिली. रोल संपलेला. "मी अकराच मोजले गं," एवढंच म्हणालात. 

घरी आलात आणि ताप भरला. रोल मीच धुतला, मोरीचं दार लावून, तुम्ही शिकवलंत तसा. अकरा मनोरे तुमच्या हातात दिले. तुम्ही विचारलंत, "बारावा?" मी म्हटलं, "गेला."

तेव्हापासून तुम्ही मोठ्याने मोजायला लागलात. एक! दोन! तीन! भटजी मंगलाष्टकं म्हणतायत आणि तुम्ही खालून "सतरा!" उल्हासनगर कॅम्पातले सिंधी हसायचे, "अरे, वो गिनतीवाले भाऊ को बुलाओ!" मीपण हसायचे. पण साहेबांनी दुसऱ्या कोणाला पाठवून दिव्याचा फोटो काढून घेतला, तो ऑफिसच्या कॅलेंडरवर छापून आला, त्या दिवशी नाही हसले. अंबरनाथहून ते कॅलेंडर बघून आलात आणि चहा तसाच ठेवलात. माझ्या अगदी तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं.

शेवटच्या आजारपणातही एकदा म्हणालात, "दिवा राहिला गं." मी तुमचं पांघरूण नीट केलं. 

तर आता वचन देते. रविवारी भिंतीवर माझ्याकडचाच फोटो लागणार. पासावरचा दिनेशने ठेवावा, नातवंडं जेवत नसली की दाखवायला. आणि पावसाळा सरला की मी परत त्या खडकावर जाणार, तुमचा कॅमेरा घेऊन. तुमचा दिवा काढून आणीन आणि तुमच्या शेजारी लावीन. स्टँड दिनेश धरेल. लाँचमध्ये कोणाला धरायचं ते त्याला आधी सांगून ठेवीन.

राहिलं ते सांगून टाकते. तुमचं मोजणं चुकलं नव्हतं. मान खाली घालून बसले होते ना मी? लाज नव्हती आली हो. तुमच्या त्या कॅमेऱ्यात वरून खाली बघावं लागतं. चावी फिरवून खटका दाबला, लाटेच्या आवाजात तो कोणाला ऐकू गेला नाही. कोंबडीवाल्याने तेवढं बघितलं, त्याला मी डोळा मारला. निगेटिव्ह कापून मंगळसूत्राच्या डबीत ठेवली, एक फोटो नानांना पोस्टाने धाडला. त्यांचं कार्ड दुपारी आलं, तुम्ही स्टुडिओत होता. धाकटी आता बोट ठेवून बाबा म्हणते, असं लिहिलं होतं. तुमच्यावर पण बोट ठेवते म्हणे, हा सगळ्यात जास्त हसणारा कोण म्हणून.

बारावा फोटो मी काढला. तुमचा दिवा मीच घालवला. परत तसं झालं तर परत घालवीन.

तुमचीच,
मंदा