यांच्या कपातला पहिला घोट

३ जानेवारी, शनिवार

साखरपट्ट्यातल्या बायांनो, आपल्या नवऱ्यांना गोड घालून मारणारी माणसं परक्या गावची नसतात. ती आपल्याच ओट्याशी उभी असतात आणि वर म्हणतात, ‘अर्धाच चमचा घातलाय.’

व्याख्यानाची सुरुवात म्हणून बरी आहे. पण कुठलं व्याख्यान? यंदा श्रीरामपूरच्या व्याख्यानमालेच्या समितीनं मला वगळलं. ‘बाई फार भांडतात.’ ठीक. मग इथे भांडते.

डॉक्टरांकडे गेलो होतो. यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम जशीच्या तशी. साखर उतरली नाही तर महिनाभरानं अंगठा काढावा लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. हे त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, “चहा घेऊ या का?”

सबंध नोकरी साखर कारखान्यात पॅनवर, रस आटवायच्या कढईवर. जन्मभर दुसऱ्यांसाठी साखर उकळली, आता ती यांच्या रक्तात उकळतेय. बिनसाखरेचा चहा बेसिनमध्ये ओततात आणि स्टँडवरच्या टपरीवर जाऊन गोड पिऊन येतात. मला कळत नाही असं समजतात.

ठरवलं. साखर लागणारच नाही असं पेय या घरात करायचं. कॉफी. पण कपभर दुधात चिमूटभर पूड टाकतात ती नव्हे. खरी.


६ जानेवारी, मंगळवार

मोका पॉट आलं. खाली पाणी, मध्ये पूड, गॅसवर ठेवलं की वाफेच्या दाबानं कॉफी वर चढते. कॉफीच्या मशीनच्या किमतीत इथे म्हैस येईल, म्हणून हे.

पहिलाच प्रयोग फसला. वाण्याकडची पूड घेतली, तिच्यात चिकोरी. वर मी ती वाटीच्या बुडानं दाबून बसवली, कारण व्हिडिओतले सगळे दाबतात. वाफ झाकणातून नाही, बाजूनं फुसफुसायला लागली.

हे दारातून, “आमच्याकडं बॉयलर असा बोलायला लागला की आम्ही आधी पळायचो, मग कारण शोधायचो.”

वर आलं ते चमचाभर काळं डांबर. चव जळक्या दोरीची.


८ जानेवारी, गुरुवार

ते व्हिडिओवाले! दाढ्या कोरलेले, मागे पांढरा ओटा. म्हणे नऊ बारचा दाब नसेल तर ती एस्प्रेसो नव्हेच. नसू दे. ज्ञानाला सोवळं नेसवणारी माणसं मी उभा जन्म पाहिली. आधी पोथीला हात लावू देत नव्हते, आता कॉफीला.

चिकमगळूरहून बिया मागवल्या. हातानं फिरवायची चक्की घेतली. मनगट भरून येतं. शिकले ते: पूड रव्याहून बारीक, पण पिठासारखी नको. दाबायची नाही, नुसती सपाट करायची. खाली गरम पाणी. आच मंद. वरचा आवाज खरखरीत झाला की तत्क्षणी उतरवून बूड नळाखाली धरायचं. आज दाट, तपकिरी, वर सोनेरी कड असलेली उतरली. मी तशीच काळी प्यायले. आंबटसर, मग चॉकलेटसारखी. कुणाच्याही मदतीशिवाय, माझ्या ओट्यावर.

यांनी जिभेनं नुसता स्पर्श केला. “औषध आहे?”


९ जानेवारी, शुक्रवार

चव कळावी म्हणून यांना संगमनेर रोडवरच्या नव्या कॅफेत नेलं. भिंतीवर इंग्रजी सुविचार. पोराला तीनदा बजावलं, साखर नको. आणलं ते पातळ गरमगोड पाणी. विचारलं तर म्हणतो, “मॅडम, साखर नाहीये, सिरप आहे.” उभी राहून बोलले. सगळं कॅफे ऐकत होतं. हे माझ्या आधी बाहेर, रिक्षात.

तरी कप रिकामा करूनच गेले.


११ जानेवारी, रविवार

भावाच्या पायाचं ऐकून वन्सं शेवगावहून आल्या. पिशवीत बाजरी, शेंगदाणे, आणि एक ढेप. मी ढेपेकडे पाहिलं तशा म्हणाल्या, “अगं गूळ हाय त्यो, साखर न्हाई. आन तुज्यासाठी आनलाय.”

ढेप माळ्यावर टाकली.

आता दूध. पुस्तकात वाचलंय ते असं: दुधात मुळातच गोडवा असतो, भांडं हाताला सोसेनासं होईपर्यंतच तापवलं तर तो जिभेला कळतो, उकळलं की गेला. वन्सं ऐकूनच पेटल्या. “कच्चं दूध पाजती का माझ्या बापूला? लई शिकली म्हनून?”

अर्धा तास जुंपली. तोडगा त्यांनीच काढला. यांचं दूध त्या पहाटे वेगळ्या पातेल्यात उकळतील, साय काढून फ्रिजमध्ये ठेवतील. ते गार दूध मी हवं तेवढंच तापवायचं. चला, एवढी तरी मदत.


१३ जानेवारी, मंगळवार

जमलं!! गार दूध तांब्यात, मंद आचेवर, लहान रवीनं घुसळायचं. फेस मलमलीसारखा. त्यावर कॉफीची धार. यांनी घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला.

“गोड लागतंय.”

पुस्तकात होतं तसंच झालं.


१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सकाळपासून माणसांची रीघ, प्रत्येकाच्या हातात हलवा. ‘एकच दाणा, शास्त्रापुरता.’ कुठलं शास्त्र? अंगठा कापायचं? शेजारचे देशमुखभाऊ यांच्या तोंडाशी हात नेत होते, मी तो वरच्या वर धरला. म्हणाले, “वहिनी, आजच्या दिवशी तरी गोड बोला.” मी म्हटलं, गोड बोलणाऱ्यांनीच यांचा पाय खाल्लाय.

वन्सं कोपऱ्यात हसत होत्या. त्यांना पहिल्यांदाच माझं बोलणं आवडलेलं दिसलं.


२० जानेवारी, मंगळवार

हे आता सकाळी स्वतः विचारतात, “झाली का?” संध्याकाळीही मागतात. टपरीवर जाणं बंद. घरात कोणी येईल त्याला मी पॉट दाखवते. देशमुखभाऊंना तर दुधातला गोडवा उकळीनं कसा हरवतो, ते चहा निवेपर्यंत समजावलं. साखर ही सवय आहे, चव नव्हे. जीभ शिकते. माणूस शिकतो.

वन्सं मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, “व्हय बाई. तुज्या हाताला चव हाय.”

शत्रूनं मान्य केलं की बरं वाटतं. लिहून ठेवते.


२९ जानेवारी, गुरुवार

साखर वाढली. उतरली नाही एवढंच नव्हे, वाढली. जखमेची कड काळसर. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, “घरात लक्ष कोण देतं?”

मी!

घरी येऊन यांच्या सदऱ्यांचे खिसे उलटे केले. कपाट, गादी, स्कूटरची डिकी. काही नाही. टपरीवर गेले. टपरीवाला कानाला हात लावून म्हणाला, “संक्रांतीच्या आधीपास्नं सायब आलेच न्हाईत, बाई.” त्यालाही खोटारडा म्हटलं.

हे म्हणाले, “मी बाहेर काही खाल्लं नाही.” मी म्हटलं, तुमचं रक्त तुमच्याविरुद्ध साक्ष देतंय. हे न जेवताच झोपले.


१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कॉफी यांच्यापुढे ठेवली आणि पुण्याहून लेकीचा फोन आला. हे फोन घेऊन अंगणात. कपावर फेस तसाच. मी दुरून पाहत होते. गोड लागतं म्हणतात, म्हणजे नेमकं किती?

हात पुढे गेला आणि थांबला. यांचा कप. उष्टा कसा करायचा?

मी! जिनं व्यासपीठावरून सोवळ्याओवळ्याची सालटी काढली, जिला ‘उष्टं’ या कल्पनेवर तासभर बोलता येतं, तिनं लग्नापासून या माणसाच्या कपाला एकदाही ओठ लावलेला नाही. माझी काळी, त्यांची दुधाची. चाखून बघावं असं डोक्यातही आलं नाही. नवऱ्याचं उष्टं बाई खाते, नवऱ्याआधी त्याचं अन्न उष्टं करत नाही. एवढं पाठ होतं माझ्या हाताला.

प्यायले.

बासुंदी.

फ्रिजमधलं पातेलं काढलं, बोट बुडवलं. माळ्यावर चढले. ढेप निम्मी.

वन्सं दारातच. पदर चाचपत. “गूळ हाय गं त्यो. साखरंला मी हात बी लावला न्हाई, पांडुरंगाशपथ. गूळ थंड आस्तो. बापूचं तोंड कडू केलंस तू, कारल्यागत. बिनगोडाचं कुनाला देत्यात? मयताच्या घरी तरी असं करत्यात का?”

काय बोलले ते लिहीत नाही. अंगणापर्यंत ऐकू गेलं.

हे आत आले. कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“मला वाटलं तूच घालतेस.”

“मी?”

“वाटलं, आली दया एकदाची.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर बंद केलं असतंस.”

खरं की सोयीचं, कळत नाही. चिडावं कुणावर? वन्संवर, यांच्यावर, की त्या दुधातल्या गोडव्याच्या पानावर, जे मी जगाला ऐकवत सुटले?


४ फेब्रुवारी, बुधवार

अकराला डॉक्टर. आज अंगठ्याचं ठरेल.

वन्सं गेलेल्या नाहीत. सोमवारपासून पिशवी भरून ओसरीवर बसतात, शेवगावची एसटी जाऊ देतात, पिशवी परत आत. जेवायला हाक मारली की येतात. बोलत नाही आम्ही.

सकाळी दूध मी तापवलं. फेस कमी आला, आच चुकली. कप यांच्यापुढे ठेवला. यांनी तो माझ्याकडे सरकवला.

“आधी तू.”

प्यायले. कडू. अगदी थोडा गोडवा, शेवटी, शोधला तर. पुस्तक खोटं नव्हतं, पण यांच्या जिभेला पुरेल एवढं खरंही नव्हतं. कप परत दिला. यांनी तो दोन्ही हातांत धरलाय. पीत नाहीत. ओसरीकडे बघताहेत, वन्संकडे. रिक्षावाला भोंगा देतोय.

साखरपट्ट्यातल्या बायांनो, व्याख्यान राहू दे. तुमच्या घरातल्या त्या माणसाचा कप उद्या त्याच्यापुढे ठेवण्याआधी तोंडाला लावा. पहिला घोट तुम्ही घ्या.